मी शुद्ध केलेली आई

बालविभागात नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं की आपल्याला पुस्तकं सांभाळायची आहेत. पहिल्या आठवड्यातच कळलं की पुस्तकं बिचारी कपाटात शहाण्यासारखी बसून असतात. सांभाळायचे असतात ते पालक.

सत्तावीस वर्षं मी हे काम केलं. बहुतेक वर्षं पेणला, शेवटची काही रोह्याला. निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, "बाई, तुम्ही तिथे नक्की करत काय होतात?" आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीलाही सत्तावीस वर्षं हाच प्रश्न पडलेला होता, त्यामुळे मला राग येत नाही. सांगते.

बालविभाग म्हणजे एक खोली. कपाटं मुलांच्या उंचीची, खुर्च्या मुलांच्या मापाच्या आणि पंखा एकच, तोही कार्यकारिणीच्या मर्जीवर फिरणारा. माझं काम म्हणजे समोर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात त्याचं पुस्तक पडेल असं बघणं. हे ऐकायला सोपं वाटतं. मुलाला विचारलं, "कुठलं देऊ?" तर ते म्हणतं, "कुठलंही." आणि कुठलंही दिलं की मग परत येत नाही, ना पुस्तक, ना मूल. परत आलेलं पुस्तक कोरं करकरीत असेल तर ते वाचलेलं नाही, हे मी महिन्याभरात शिकले. वाचलेल्या पुस्तकावर कैरीचे डाग असतात, पानांचे कोपरे दुमडलेले असतात. पेणला तर रंगही असतात, कारण आमच्याकडे निम्म्या गल्ल्यांत बारा महिने गणपती रंगवले जातात आणि त्या घरांतली मुलं रंगाच्या बोटांनीच पानं उलटतात. एकदा एका राक्षसाच्या चित्राला कुणीतरी अस्सल सोनेरी मुकुट चढवून पुस्तक परत केलं. नियमाप्रमाणे मी दंड लावायला हवा होता. पण मुकुट राक्षसाला शोभत होता.

आता स्पर्धा. निबंध, हस्ताक्षर, चित्रकला, कथाकथन, पुस्तक-परिचय, अशा आम्ही वर्षाला पाच-सहा स्पर्धा घ्यायचो. शाळेत मूल जे उत्तर लिहितं ते आधीच कुणीतरी गाइडात लिहून ठेवलेलं असतं. निदान इथे त्यानं स्वतःचं काही लिहावं, त्यासाठी चार पुस्तकं उघडावीत, कुणाला काही विचारावं, असा हेतू. वार्षिक अहवालात हा हेतू फार सुंदर भाषेत छापलेला असायचा. तो मीच लिहायचे. 

प्रत्यक्षात काय व्हायचं? स्पर्धेची पाटी लागली की दुसऱ्या दिवशी आया येत. "मॅडम, कुठलं पुस्तक वाचलं की पहिला नंबर येतो?" एका बाईंनी तर गेल्या तीन वर्षांचे पहिले आलेले निबंध मागितले, अभ्यासाला. मी म्हटलं, "मुलाला पाठवा, त्याला काय आवडतं बघू." त्या म्हणाल्या, "त्याला कुठे वेळ आहे? त्याचा निबंधाचा क्लास असतो."

आणि निबंध तर कोण लिहायचं! 'माझी आई' या विषयावर चौथीतल्या एका मुलाचा निबंध त्याची आईच घेऊन आली. अक्षर असं की कुठल्याही सरकारी कचेरीत शोभावं. मी सहज नजर फिरवली आणि मधेच थांबले. लिहिलं होतं, 'आईला जाऊन आज बारा वर्षे झाली, परंतु तिच्या हातच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे.' मुलाचं वय नऊ. आई माझ्यासमोर उभी, हातात भाजीची पिशवी.

मी कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्यांच्या आईवर लिहिलंय ह्यांनी. माझ्यावर कोण लिहिणार?"

ही गोष्ट मी पुढे किती वेळा हसून सांगितली असेन! 'पालकांनी लिहिलेले निबंध' हा माझा हुकमी विषयच होता. शाळांमधून बोलावणं आलं की मी मुलांना बजावून सांगायचे, "घरच्यांकडून लिहून आणायचं नाही. चुकलं तरी चालेल, तुमचं हवं." टाळ्या पडायच्या. माझ्याइतकी या बाबतीत सोवळी बाई सगळ्या पेण तालुक्यात नव्हती.

अशात भाविका आली.

ती सातवीत होती. धरमतरच्या बाजूला खाडीलगतच्या एका गावातली. आई मिठागरावर कामाला, वडील बार्जवर. शाळा पेणात, आणि शाळा सुटल्यावर गावाकडची एसटी यायला तासभर. तो तास ती आमच्या बालविभागात पंख्याखाली काढायची. वाचायला म्हणून ती आलेलीच नव्हती, आणि हे तिनं लपवलंही नाही. "पंखा हाय म्हणून येतंय," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एवढा प्रामाणिक सभासद मला तोवर मिळाला नव्हता.

रिकामं बसू नये म्हणून मी तिच्यापुढे एक विज्ञानाचं चित्रमय पुस्तक ठेवलं. त्यात मिठावर एक पान होतं. 'समुद्राचे पाणी उन्हात वाळवले की मीठ तयार होते.' तिनं ते वाक्य वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"एवढंच?"

"मग काय?"

"मग सगल्यांनीच केला असता ना, बाई."

आणि मग तिनं मला मीठ कसं होतं ते सांगितलं. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात कसं घ्यायचं, मग एकेका खणातून पुढे कसं सरकवायचं, शेवटच्या खणात ते कसं घट्ट होत जातं. तिची आई अनवाणी पायानं खणात उतरते आणि तळव्याला खडा कसा लागतो त्यावरून सांगते, मीठ आज ओढून गोळा करायचं की उद्या. "बाकीच्या बाया आईला विचारतात. मुकादम पण विचारतो. फक्त वरती मुकादमच सांगतो." सातवीतल्या मुलीला कारभार कसा चालतो हे एवढं नेमकं कळलेलं होतं. मला ते कळायला कार्यकारिणीच्या हाताखाली दहा वर्षं काढावी लागली.

त्या वर्षी निबंधाचा विषय पुन्हा 'माझी आई' हाच होता, कारण आमचे अध्यक्ष नानासाहेब यांना तो विषय आवडायचा. नानासाहेब निवृत्त मुख्याध्यापक. खिशाला लाल पेन. लग्नपत्रिका हातात पडली तरी आधी तिच्यातल्या चुका सुधारायचे, मग तारीख बघायचे. मी भाविकाला म्हटलं, "तू भाग घे."

तिनं विचारलं, "आईवर लिवायचं म्हणजे खरं लिवायचं, का निबंधातलं?"

मी मोठ्या दिमाखात म्हटलं, "खरं."

चार दिवसांनी तिनं वहीचे तीन कागद आणून दिले. शुद्धलेखनाचा पत्ता नव्हता. काना-मात्रा जिथे जागा मिळेल तिथे बसले होते. पण मी वाचायला लागले आणि दाराशी पुस्तकं बदलायला उभी असलेली दोन मुलं विसरले. तिनं उधाणाच्या दिवसाची हकिगत लिहिली होती. मीठ ओढायला झालेलं होतं आणि उधाणाला बांध फुटला. खाडीचं पाणी आत शिरलं आणि सगळ्या मोसमाचं मीठ डोळ्यांदेखत विरघळून गेलं. भाविका बांधावर उभी राहून रडायला लागली. आई गुडघाभर पाण्यात होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, 'रडतेस कशाला गो? खारं पानी काय कमी हाय हितं?'

आणि मग आई स्वतःच हसायला लागली, तिच्यामागे बाकीच्या बायका हसायला लागल्या, आणि सगळ्या मिळून दगड-माती आणायला गेल्या. निबंध तिथे संपला होता. शेवटी सुविचार नव्हता. 'अशी माझी आई मला फार आवडते' हे वाक्यही नव्हतं.

निबंध परीक्षकांकडे गेले. परीक्षक तिघे : नानासाहेब, एक डॉक्टर, आणि तिसरे दरवर्षी वेगळे असत, पण घाई मात्र सगळ्यांना सारखीच असे. दोन दिवसांनी नानासाहेबांनी मला बोलावलं. भाविकाचे तीन कागद टेबलावर पडले होते. अर्ध्या पानापर्यंत लाल रेघा होत्या. पुढे नव्हत्या, म्हणजे पुढे ते वाचलंच नव्हतं.

"हे काय आहे?"

"सर, पुढे वाचा. फार चांगलं आहे."

"ही भाषा आहे? 'लिवलं', 'हितं', 'पानी'. उद्या शाळा विचारतील, वाचनालय मुलांना काय शिकवतं?"

"तिची आई तसं बोलते, सर."

"आपण बोलतो तसं लिहीत नाही. हा बाद."

आणि मग मी ती हुशारी केली. म्हटलं, "सर, अक्षर लागत नाही म्हणून तुम्हाला त्रास होतोय. मी स्वच्छ प्रत करून देते. मग बघा."

"करा," ते म्हणाले.

दुपारच्या सुट्टीत मी कोरे कागद घेऊन बसले. मनात खोट नव्हती हो. पहिल्या परिच्छेदात मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. दुसऱ्यात 'पानी'चं 'पाणी' केलं. त्याने काय बिघडतं? तिसऱ्यात एक वाक्य फारच तुटक होतं, ते जोडलं. मग बांध फुटला तिथे थोडी वर्णनाची जागा दिसली, तर 'रौद्र' हा शब्द घातला. एकदा रौद्र आल्यावर त्याच्यामागून 'अथांग' आला, त्याला कोण थांबवणार? आणि जिथे आई पाण्यात उभी राहून बोलते, तिथे मी बराच वेळ पेन धरून बसले. 'रडतेस कशाला गो' हे नानासाहेबांना चालणार नव्हतं. शिवाय मुलगी रडतेय आणि आई असं काहीतरी बोलते, हे कठोर वाटलं असतं. मी लिहिलं : 'आई मला जवळ घेऊन म्हणाली, बाळ, अश्रू ढाळू नकोस. अपयश ही यशाची पहिली पायरी असते.'

लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले. म्हणजे बघा.

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. नानासाहेबांनी मला म्हटलं, "पाहिलंत? मुलीत गुण होते, भाषेच्या धुळीखाली झाकलेले होते." मीही मान हलवली. धूळ मीच झाडली होती ना.

बक्षीस समारंभाला सभागृह भरलं होतं. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले आणि 'मोबाइल आणि बालपण' या विषयावर बोलले, मधे दोनदा स्वतःचा मोबाइल घेत. भाविकाची आई तिसऱ्या रांगेत बसली होती; अर्ध्या दिवसाचं काम सोडून, ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली. पहिल्या क्रमांकाच्या विजेत्यानं निबंध वाचून दाखवायचा अशी आमची पद्धत. नानासाहेबांनी भाविकाच्या एका हातात ढाल दिली आणि दुसऱ्या हातात कागद. कागद माझ्या अक्षरातले होते. ती प्रत आधी तिला दाखवावी, हे सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ज्या दिवशी सुचायला हवं होतं त्याच दिवशी मला सुचलं नाही.

तिनं पहिला परिच्छेद वाचला. अडखळत, पण वाचला. मग ती थांबली. तिची नजर कागदावर खाली-खाली जाताना मला दिसत होती. पान उलटलं. मग तिनं मान वर केली.

"हे मी नाय लिवलं."

माइक चालू होता. नानासाहेब हसून म्हणाले, "घाबरली आहे. वाच बाळ, वाच."

"घाबरलेली नाय. माजी आई अशी बोलत नाय."

सभागृहात हशा पिकला. तिसऱ्या रांगेतून तिची आई उभी राहिली. "काय झाला गो?"

"तुला अपयश ही यशाची पहिली पायरी बोलाय लावलंय."

"मी? कवा?"

आता तर पाहुणेही हसले. नानासाहेबांचा चेहरा मात्र उतरला. शिस्तीचा माणूस. त्यांनी माइक आपल्याकडे ओढून घेतला आणि जाहीर केलं की निबंध मुलीनं स्वतः लिहिलेला नाही असं तीच म्हणत आहे, घरच्या कुणीतरी मोठ्या माणसानं तो लिहून दिलेला दिसतो, आणि अशा प्रकारांना आमच्या संस्थेत थारा नाही. नियमाप्रमाणे निबंध बाद करून पहिला क्रमांक दुसऱ्या विजेत्याला देण्यात येत आहे.

घरच्या मोठ्या माणसानं! तिच्या घरात लिहिता येणारं मोठं माणूस नव्हतं. आणि मी फक्त शुद्धलेखन सुधारलं, असंच नानासाहेब धरून चालले होते.

मी स्टेजच्या बाजूला, बक्षिसांच्या टेबलाशी उभी होते. त्या क्षणी पुढे व्हायचं आणि चार शब्द बोलायचे, 'हे मी लिहिलंय', की प्रश्न मिटत होता. भाविकानं माझ्याकडे बघितलंसुद्धा. मी टेबलावरच्या ढाली सरळ करायला लागले. त्या सरळच होत्या.

तिनं ढाल टेबलावर ठेवली, माझ्याच पुढ्यात. कागद मात्र तिच्या हातातच राहिले. खाली उतरली. आईनं तिचा हात धरला आणि दोघी मधल्या वाटेनं बाहेर गेल्या. जाताना आई कुणाला तरी सांगत होती, "पोरगी खोटं बोलत नाय माजी." टाळ्यांत ते फारसं कुणाला ऐकू गेलं नाही, दुसऱ्या विजेत्याला ढाल मिळत होती.

दुसऱ्या दिवशी मी कार्यकारिणीला पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं, सोबत भाविकाच्या मूळ कागदांची झेरॉक्स जोडली. नानासाहेबांनी पत्र वाचलं, लाल पेन खिशातून काढलं आणि परत ठेवलं. म्हणाले, "तुमचा प्रामाणिकपणा स्तुत्य आहे. पण तो लेखी कशाला दिलात?"

निकाल बदलला नाही. दुसऱ्या विजेत्याचा पाहुण्यांबरोबरचा फोटो तोपर्यंत स्थानिक पेपरात गेला होता, आणि फोटो छापून आला की आमच्याकडे सत्याला मर्यादा येतात.

पुढच्या रविवारी मी मिनीडोर रिक्षात बसून भाविकाच्या गावी गेले. मायलेकी मिठागरावर होत्या. मूळ कागद मी पिशवीतून काढून भाविकाला दिले आणि तिच्या आईला सांगितलं की ते पायरीचं वाक्य माझं होतं, चूक माझी होती, आणि सभेत बोलायला हवं होतं तेव्हा मी गप्प बसले.

आई भाविकाला म्हणाली, "वाच बघू, तू काय लिवलंस."

भाविकानं बांधावर उभं राहून तिचा स्वतःचा निबंध वाचला. अडखळली नाही. 'खारं पानी काय कमी हाय हितं' इथे आई हसली, अगदी मोठ्यानं, आणि शेजारच्या खणातल्या बाईला ओरडून म्हणाली, "ऐकलंस काय गो? मी बोललेली ते लिवलंय!" मग माझ्याकडे वळली.

"तुमचं पण वाचून दाखवलं हिनं मला. चांगलं हाय, बाई. पन ती बाई कोन हाय, ते मला म्हाईत नाय."

भाविका तेवढ्यात म्हणाली, "तुमी आमच्या शाळंत येऊन सांगितलेलात ना, घरच्यांकडून लिवून आनायचं नाय."

"हो."

"मग तुमी?"

आईनं तिला गप्प केलं आणि मला चहा दिला. चहात साखर जास्त होती. पाहुणीसाठी घातली होती. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

भाविका त्यानंतर वाचनालयात आली नाही. शाळा सुटल्यावर समोरच्या सायकलवाल्याच्या फळीवर बसून एसटीची वाट बघायची. मला ती खिडकीतून दिसायची. मी दोनदा बोलवायला गेले. "नको, हितं बरं हाय," म्हणाली. तिथे पंखा नव्हता. दहावीनंतर तिला कंपनीत काम लागलं असं तिच्या वर्गातल्या मुलीकडून कळलं. पुढे काय लिहिलं, लिहिलं का, ठाऊक नाही. ती लेखिका झाली असती असं मी म्हणणार नाही. पण निदान वाचक झाली असती, आणि ते जमवणं एवढंच तर माझं काम होतं.

कार्यकारिणीनं माझ्यावर कारवाई केली नाही. माझी रोह्याच्या शाखेत बदली केली, 'बालवाचन चळवळीच्या विस्तारासाठी.' त्यामुळे पुढची वर्षं मी पेणहून सकाळची गाडी धरून रोह्याला चळवळ विस्तारायला जात होते.

रोह्याला एक बरं होतं, तिकडे कार्यकारिणीचं लक्ष नव्हतं. मी तिथे एक स्पर्धा सुरू केली, 'ऐकलेलं लिहा.' घरातल्या एका माणसाचं बोलणं ऐकायचं आणि तो बोलतो तसंच्या तसं लिहायचं. पहिला नियम मी स्वतःसाठी केला आणि पाटीवर सगळ्यांना दिसेल असा लिहिला : 'कुणीही, बाईंनीसुद्धा, मुलाच्या लिखाणात एक अक्षर बदलायचं नाही.' नंबर नाहीत, ढाल नाही. आलेलं सगळं भिंतीवर लावायचं आणि प्रत्येकाला त्याच्या आवडीचं एक पुस्तक द्यायचं.

पालक नाराज झाले. "यात तयारी काय करून घ्यायची?" एका वडिलांनी विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "मग मुलांना याचा उपयोग काय?" पहिल्या वर्षी सात कागद आले. एकात आजी कोंबड्यांना ज्या शिव्या देते त्या जशाच्या तशा होत्या. त्या आजी दुसऱ्या दिवशी येऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि एक शिवी राहिलीय म्हणून तक्रार करून गेल्या.

सातवा कागद सानियाचा होता. सानिया पाचवीत. अबोल, पुस्तक घ्यायची, मान हलवायची, जायची. वडील कुवेतला, ती तान्ही असल्यापासून. दर शुक्रवारी फोन करायचे. तिनं 'अब्बा फोनवर' असं नाव देऊन आठ शुक्रवार लिहिले होते.

'शुक्रवार पहिला. जेवलीस? अभ्यास कर. अम्मीला दे.

शुक्रवार दुसरा. जेवलीस? अभ्यास कर. अम्मीला दे.'

असे आठ. फक्त आठव्याखाली एक ओळ जास्त होती. 'आज अब्बांनी दोनदा विचारलं, जेवलीस? मी दोनदा व्हय म्हटलं.'

मी तो कागद भिंतीवर लावला. हात शिवशिवत होते, पण लावला.

काही महिन्यांनी एका दुपारी एक उंच गृहस्थ दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास. मागे सानिया. "मॅडम, मी हिचा वडील. सुट्टीवर आलोय. हिची अम्मी म्हणाली, हिनं माझ्यावर काही लिहिलंय, लायब्ररीत लावलंय." आवाजात कौतुक होतं. मुलीनं बापावर लिहिलंय म्हणजे काय असतं हे त्यांना निबंधांवरून माहीत असणार.

मी भिंत दाखवली. ते उभ्यानं वाचायला लागले. कागद लहान होता, पण त्यांना वेळ लागला. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्या शुक्रवारपासून सुरुवात केली. सानिया दाराशीच थांबली होती.

"मॅडम," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढंच बोलतो मी?"

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. 'अहो, लहान आहे ती, तिनं थोडक्यात लिहिलंय.' किती सोपं होतं ते. गृहस्थांना बरं वाटलं असतं, मलाही.

"तिनं ऐकलं तेवढं लिहिलंय," मी म्हटलं.

त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "रूमवर आम्ही आठ जण असतो. सगळे ऐकत असतात. काय बोलायचं ते सुचत नाय." हे त्यांनी मला सांगितलं की मुलीला, कळलं नाही.

खोलीत फक्त मुलांच्या खुर्च्या. त्यांनी त्यातली एक ओढली आणि गुडघे छातीशी घेऊन कसेबसे बसले. सानियाला शेजारी बोलावलं. तिच्या हातात मगरीवरचं पुस्तक होतं.

"काय वाचतेस?"

"मगर."

"मग?"

सानियानं त्यांच्याकडे बघितलं. हा प्रश्न तिनं लिहिलेल्या आठ शुक्रवारांत नव्हता. मग ती सांगायला लागली, मगर अंडी कुठे घालते, पिल्लं तोंडात धरून पाण्यात कशी नेते. ते प्रत्येक वाक्यानंतर 'मग?' म्हणत होते, जरा घाईनंच, ती थांबेल अशी भीती असल्यासारखे. मगर संपली तशी तिनं पुस्तक मिटलं आणि वर्गातल्या कुठल्याशा भांडणाचं सांगायला सुरुवात केली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

एक वाजला होता. एक ते तीन वाचनालय बंद असतं. मी माझा डबा घेतला, पंखा तसाच चालू ठेवला, बाहेर येऊन दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि पायरीवर बसून जेवले.